मले कोनी सांगतलं नाई

मी तोंड उघडायच्या आधीच म्हातारीनं हंबरडा फोडला.

माझ्या हातात पेढ्यांचा पुडा होता. अर्धा किलोचा, हिंगणघाटहून आणलेला. फाटकाची कडी मी अजून काढलीसुद्धा नव्हती. म्हातारी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिनं मान वर केली, मला पाहिलं, आणि सूप मांडीवरून घरंगळलं. शेंगा सगळीकडे पसरल्या.

"माह्या पोराले काय झालं वो! कोन्या गाडीखाली आलं वो माहं लेकरू!"

तिचा धाकटा मुलगा पुण्याला कंपनीत असतो. त्याला काही झालं नव्हतं. कोणालाच काही झालं नव्हतं. माझ्या लहान बहिणीला नर्सची ऑर्डर आली होती, एवढंच. पण म्हातारी छाती बडवत होती. दोन्ही सुना आतून धावत आल्या. शेजारच्या बाया कुंपणावरून डोकावल्या आणि त्यांनीही, काय झालं ते न विचारता, पदर तोंडाला लावला. मी आपली म्हणते आहे, "बाई, तसं नाई वो. पेढे हायेत. पेढे!" रडारडीत कोणाला पेढे ऐकू येतात!

मग तिचा मोठा मुलगा बाहेर आला. गावचा उपसरपंच. सगळं गाव त्याला भैयाजी म्हणतं. त्यानं पुण्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडून धाकट्याचा झोपाळू आवाज आला, "हां, बोला भैया. काय झालं?"

ओसरीवरची रडारड थांबली. म्हातारीच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली. मग लाज. मग राग. आणि राग माझ्याकडे वळला, कारण समोर मीच उभी होते.

"काऊन आली वं तू?" भैयाजीनं विचारलं.

"पेढे द्याले आली जी. बहिणीची ऑर्डर आली. बाईच म्हणे, ऑर्डर आली का मले सांगजो म्हणून."

"तुले अक्कल हाये का नाई? तू फाटकात आली म्हंजे कोनाची तरी मयत. साऱ्या गावाले माहीत हाये. आन् पेढे घेऊन फिरून राह्यली!"

त्यानं खालून हात मारला. पुडा उडाला. पेढे मातीत गेले. मी म्हातारीकडे पाहिलं. तिनं सांगितलं होतं म्हणून मी आले होते. ती खरं बोलेल असं मला वाटलं. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "सुनबाई, पाणी टाक वं तिथं."

सुनेनं लोटाभर पाणी आणलं आणि मी उभी होते तिथं टाकलं. माझ्या चपला भिजल्या. पेढ्यांचा चिखल झाला.

आणि मी काय केलं? मी खाली वाकले आणि पेढे गोळा केले. हे सांगताना आजही माझी मान खाली जाते. ओरडायला हवं होतं. मी चिखलाचे पेढे पदरात घेतले, "येतो जी" म्हणाले आणि निघाले.

मी आमच्या ग्रामपंचायतीची शिपाई. गाव वडनेरकडून आत गेलं की लागतं. ऑफिस झाडणं, टाकीचा व्हॉल्व्ह सोडणं, फाटकाबाहेरूनच हाक मारून सभेच्या नोटिसा घरोघर देणं आणि पोचवहीवर सही आणणं, भोंग्यावरून लसीकरणाची, रेशनची घोषणा करणं, अशी माझी कामं. आणि आणखी एक. ते कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही. वरच्या आळीत कोणी गेलं की दारोदार जाऊन मयत सांगायची.

त्याचे नियम आहेत. फाटकाच्या आत यायचं, पण ओसरीची पायरी चढायची नाही. डाव्या हाताला उभं राहायचं. नाव घ्यायचं, किती वाजता नेणार ते सांगायचं. बसायचं नाही, पाणी मागायचं नाही. आणि सांगून झालं की लगेच पाठ फिरवायची. समोरचा काय म्हणतो त्यासाठी थांबायचं नाही. मयत सांगणारा थांबला तर मयत थांबते, असं म्हणतात. आपण फाटकाबाहेर पडलो की मागे पाणी पडल्याचा आवाज येतो. मागे वळून पाहायचं नाही.

माझ्या आजोबांपर्यंत हे काम आमच्या माणसांच्या वाट्याला होतं. पायी जायचे, चार-चार कोस, सोयऱ्यांच्या गावी. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्या दिवसापासून मयतीचा सांगावा नेणं सोडलं. आमच्या साऱ्या वस्तीनंच सोडलं. मार खाल्ला, मजुरी बंद झाली, तरी सोडलं. पुढं पंचायतीत शिपायाची जागा निघाली. बाबा सातवी पास. त्यांना लागली. आजोबांनी गावभर साखर वाटली. मग एक दिवस वरच्या आळीत एक म्हातारा गेला आणि तेव्हाच्या सरपंचानं बाबांना सहज म्हटल्यासारखं म्हटलं, गावात सांगून ये जरा, तू शिपाईच तर हायेस. जे आजोबांनी समोरच्या दारानं हाकललं ते मागच्या दारानं खाकी घालून परत आलं. बाबांना कळलं होतं. त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं आई सांगते. पण दुसऱ्या दिवशी गेले, कारण नोकरी होती.

लहानपणी मी बाबांबरोबर चालत असले की लोकांच्या चेहऱ्यावर एक गोष्ट दिसायची. बाबा साधे दळण घेऊन चाललेले असायचे. तरी समोरून येणारा माणूस त्यांच्या पिशवीकडे नाही, पायांकडे पाहायचा. कुणीकडे वळतात? आपल्या गल्लीत वळतात का? नाही वळले की त्याचे खांदे सैल व्हायचे. बाया लेकरांना घरात ओढायच्या. बाबांनी आयुष्यभर कोणाचं वाईट केलं नाही आणि आयुष्यभर लोक त्यांना पाहून दचकले.

मग बाबा गेले. छातीत कळ आली, गाडी मिळेपर्यंत सगळं संपलं. सकाळचे आठ. आईला वाटलं, तीस वर्षं ज्यांच्या दारात बाबा उभे राहिले ती माणसं येतील. निदान दहा तरी येतील. आम्ही दुपारी दोनपर्यंत थांबलो. आमची वस्ती होती, आमचे सोयरे होते. वरच्या आळीतून एकही माणूस आला नाही. चौकातल्या पानठेल्यावर बसलेल्यांना आमची अंत्ययात्रा दिसली. त्यांनी पाहिली आणि तिथंच बसून राहिले.

तिसऱ्या दिवशी भैयाजीनं मला ऑफिसात बोलावलं. बाबांच्या जागेवर मला घ्यायचं ठरलं होतं. मी बी.ए. झालेली, कामाची गरज होती. तो खुर्चीत बसून म्हणाला, "तुह्या बाबाचं वाईट झालं. आमी आलो असतो. पण आमाले कोनी सांगतलं नाई."

मी पाहत राहिले. तो थट्टा करत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. गावात मयत सांगणारा एकच माणूस, आणि तोच मेला होता. मग सांगणार कोण? त्याच्या हिशेबानं चूक आमचीच होती. आणि मी मान हलवली. "हो जी, राहून गेलं," असं म्हणाले. बापाच्या मरणाबद्दल मी माफी मागितली आणि नोकरी घेतली.

मग अकरा वर्षं मीही तेच केलं. बाबांनी केलं तसंच. डाव्या हाताला उभं राहायचं, नाव, वेळ, पाठ. आताशा तर सगळं आधी फोनवर येतं. वरच्या आळीचा ग्रुप आहे, त्यात आमच्या वस्तीतलं कोणी नाही. कोणी गेलं की पाच मिनिटांत फोटो, हार, हात जोडलेल्या खुणा. साऱ्यांना कळलेलं असतं. तरी दारात सांगावा आल्याशिवाय कोणी उठत नाही. बिनसांगता गेलं तर मान कमी होतो म्हणे. म्हणजे मी पोचते तेव्हा त्यांना माहीत असतं कोण गेलं. सांगायचं तेवढं बाकी असतं. ते सांगायला त्यांना एक माणूस लागतो आणि तो माणूस आमच्याच वस्तीतला लागतो.

गेल्या वर्षी वर्ध्याला प्रशिक्षण होतं. सिंदी मेघेत एका हॉलमध्ये, ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांसाठी, एक दिवसाचं. विषय संवाद कौशल्य. मी आणि शेजारच्या गावाचे एक शिपाईकाका सकाळच्या एसटीनं गेलो. नागपूरहून एक तरुण सर आले होते. चांगले होते, हसून बोलायचे. त्यांनी फळ्यावर चौकोन काढले. सांगणारा. निरोप. माध्यम. ऐकणारा. मग ऐकणाऱ्यापासून सांगणाऱ्याकडे परत येणारा एक बाण. त्यावर लिहिलं, प्रतिसाद. म्हणाले, हा बाण नसेल तर ते बोलणं नाही, ती नुसती सूचना. आणि म्हणाले, माणूस तोंड उघडण्याच्या आधीच बोलत असतो, त्याचे कपडे बोलतात, उभं राहणं बोलतं, त्याच्याबद्दल लोकांनी आधीच धरलेलं मत बोलतं. काही न बोलणं हेसुद्धा बोलणंच असतं.

मी वहीत उतरवून घेत होते. माझं पेन थांबलं. हे सगळं मला पाठ होतं. फक्त त्याला नावं आहेत हे माहीत नव्हतं.

मी हात वर केला. "सर, सांगणारा घरी बसतो. ऐकणारा त्याच्या घरी बसतो. मधात जो निरोप घेऊन जाते तो कोन्या चौकोनात?"

सर म्हणाले, "छान प्रश्न! तो माध्यम झाला. वायर समजा ना."

हॉल हसला. मीही हसले. वायरला बाप नसतो. वायरची मयत कोणी कोणाला सांगत नाही. सर वाईट नव्हते. त्यांनी फक्त फळ्यावर जे होतं ते वाचलं.

दुपारी त्यांनी आम्हाला दोघा-दोघांना समोरासमोर खुर्च्यांवर बसवलं. एकानं दोन मिनिटं स्वतःबद्दल बोलायचं, दुसऱ्यानं नुसतं ऐकायचं. मधे बोलायचं नाही, फोन पाहायचा नाही. माझ्यासमोर शिपाईकाका. त्यांची पाळी आधी आली. ते खुर्चीच्या काठावर बसले आणि म्हणाले, "काय सांगू बाप्पा? मले कधी कोनी इचारलंच नाई." दोन मिनिटं ते माझ्याकडे पाहत राहिले. घड्याळ वाजलं.

मग मी. मला वाटलं होतं बहिणीबद्दल बोलावं. तोंडातून निघाले ते बाबा. सकाळचे आठ, गाडी आली नाही, आईनं दोनपर्यंत थांबवलं, पानठेला, सगळं. सर दोन मिनिटं झाली म्हणाले, मी थांबले नाही. काकांनी हात वर करून सरांना गप्प केलं. माझं झाल्यावर त्यांनी खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाले, "तुह्या बाबाची मयत तू मले आज सांगतली. मी ऐकली. वळख होती आमची. येवाले पाह्यजे होतं म्या. येवाले पाह्यजे होतं."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी ऐकली म्हणालं होतं. परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. रडले, पण त्या रडण्यानं मन हलकं झालं नाही. आता हे कळल्यावर मी परत डाव्या हाताला कशी उभी राहणार, ही भीती होती. कळणं वाईट असतं. कळलं की मग जुनं सोसवत नाही.

तरी मी सोसलं. पेढ्यांचा दिवस त्यानंतरचा. घरी येऊन मी पदर झटकला. आईनं चिखलाचे पेढे पाहिले आणि विचारलंही नाही. बहिणीचा फोन आला, "दिले का वं पेढे बाईले? खुश झाली का?" म्हातारीला गेल्या उन्हाळ्यात ताप होता तेव्हा माझ्या बहिणीनंच चार दिवस इंजेक्शन दिलं होतं. तेव्हा म्हातारीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला होता. मी फोनवर म्हणाले, "हो, लय खुश झाली." खोटं बोलले. तो हात खोटा ठरवायला जीव धजेना.

त्यानंतर गावात कुजबुज सुरू झाली. त्या दिवशी ती पेढे घेऊन गेलती, तवापासून म्हातारी खंगून राह्यली. मी नळावर गेले की बाया बोलता बोलता थांबायच्या. आटाचक्कीवर माझा डबा शेवटी ठेवला जायचा. माझ्याकडे पाहून कोणी काही म्हणत नव्हतं. म्हणायची गरज नव्हती, मला ती भाषा येत होती.

तीन आठवड्यांनी, सकाळी सहाला, भैयाजीच्या घरून नोकर आला. दारातूनच ओरडला, "बोलावलं हाये." मला कळलं. वरच्या आळीतून रडण्याचा आवाज येत होता. मला रडू आलं. का आलं ते मला अजून सांगता येत नाही. तिनंच पाणी टाकायला लावलं होतं. तरी आलं.

मी चेहरा धुतला, चांगली साडी नेसले. आई म्हणाली, "सांगून ये लवकर. जास्त बोलजो नोको."

भैयाजी ओसरीवर उभा. डोळे सुजलेले. आसपास आठ-दहा माणसं. मला पाहताच त्यानं फाटकाच्या डाव्या बाजूला बोट केलं, तिथं उभी राहा म्हणून. आणि म्हणाला, "अकरा वाजता न्यायचं हाये. वरच्या आळीपासून सुरू कर."

मी डावीकडे वळले नाही. सरळ गेले. ओसरीची पायरी चढले आणि काठावर बसले.

"काय झालं, भैयाजी?"

"काय झालं म्हंजे? दिसून नाई राह्यलं?"

"मले कोनी सांगतलं नाई."

कोणीतरी मागून "ए, ऊठ" म्हणालं. मी उठले नाही. म्हणाले, "तुमी सांगा. मी ऐकाले आली. माणूस माणसाले सांगते तसं सांगा, कोन गेलं, कसं गेलं. मी बसली हाये. मंग बाकीचं बोलू."

त्याचं तोंड उघडलं. एक क्षण मला वाटलं, हा सांगेल. खरंच वाटलं. आई गेलेला माणूस होता तो. सांगितलं असतं तर मी त्याच्याबरोबर रडले असते, आणि कदाचित त्या दिवशीही गावभर फिरले असते. एवढंच तर हवं होतं. चार शब्द. माझ्या बापासाठी याच माणसानं मला माफी मागायला लावली होती, मी त्याच्याकडे माफी मागत नव्हते, त्याची आई गेली हे त्याच्या तोंडून ऐकायला मागत होते.

"तुले सांगू?" तो म्हणाला. "तुले?"

"हो. मले."

त्यानं हात उगारला. त्याच्या मेव्हण्यानं धरला. "मयतीच्या घरी नोको भैया, नोको." भैयाजी म्हणाला, "नोकरी खातो तुही. पाह्यजो तू."

मी उठले. म्हणाले, "माह्या बाबाच्या टायमाले तुमीच म्हणलं होतं, आमाले कोनी सांगतलं नाई. आता मीबी तेच म्हणून राह्यली. पाणी टाकाचं असन तं टाका. पण आज मी वर बसली. सारी ओसरी धुवा लागन."

आणि फाटकातून बाहेर पडताना मी मागे वळून पाहिलं. मुद्दाम. कोणी पाणी टाकलं नाही. सगळे जागच्या जागी उभे होते.

मी व्हॉल्व्ह सोडायला टाकीपाशी गेले. तिथून वरची आळी दिसते. दहा वाजले, साडेदहा वाजले. फोनवर सगळ्यांना कळलं होतं आणि घराबाहेर कोणी येत नव्हतं. जो तो दारात उभा राहून रस्त्याकडे पाहत होता. सांगावा आला नव्हता. शेवटी पावणेअकराला भैयाजी स्वतः निघाला. अनवाणी. पहिल्या फाटकात शिरला. त्या घरच्यांनी त्याला हात धरून वर घेतलं, बसवलं. तो काही बोलला आणि मग म्हातारा घरधनी त्याला छातीशी धरून रडला. तांब्याभर पाणी आणलं. तो प्यायला. पुढच्या दारात पुन्हा तेच. जे पाणी माझ्यामागे फेकतात तेच पाणी, त्याच लोट्यातून, तो प्रत्येक दारात पीत होता. निरोप तोच, दार तेच. मी टाकीच्या पायरीवर बसून सगळं पाहिलं.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. राग आला, इतका की दात दुखायला लागले. म्हणजे यांना येतं. ऐकता येतं, थांबता येतं, बस म्हणता येतं. साऱ्यांना येतं. फक्त आमच्या वेळी येत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे आई अंगण झाडायला गेली आणि तशीच परत आली. "बाहेर ये," म्हणाली. आमच्या दारासमोर, डाव्या हाताला, जमीन ओली होती. लोटाभर पाण्याची गोल ओल. आजूबाजूला सगळं कोरडं. आईनं माझा हात धरला.

तिसऱ्या दिवशीही ओल. चौथ्या दिवशीही. कोणी धमकी दिली नाही. दगड मारला नाही. चिठ्ठी नाही. नुसतं पाणी. या गावात त्याचा अर्थ शेंबडं पोरही सांगेल. या घरी मयत सांगून झाली आहे. बाकी आहे ती फक्त मयत.

"जाय, माफी मांग," आई म्हणाली. "तुह्या बाबानं तीस वर्ष निभावलं."

"बाबाले कोनी आलं का?" मी विचारलं. आई चुलीकडे वळली. पण रात्री तिनं दाराला आडणा लावला. आमच्या घराला आडणा कधी लागला नव्हता.

वस्तीतली माणसं दोन बाजूंची झाली. विहारात बैठक झाली. तरुण पोरं म्हणाली, आमी पहारा देतो. दोन-तीन म्हातारे म्हणाले, पोरीनं जरा घाई केली. मी त्यांना एवढंच विचारलं की माझ्या आजोबांनी केली ती पण घाई होती का. एक जण उठून गेला. आमच्यातही सगळं काही सोन्यासारखं नाही, हेही लिहून ठेवते.

सहाव्या दिवशी सचिवांनी मला टेबलाजवळ बोलावलं. माझ्याकडे न पाहता एक पाकीट पुढं सरकवलं. कारणे दाखवा नोटीस. कर्तव्यात कसूर, वरिष्ठांशी उद्धट वर्तन. सात दिवसांत लेखी खुलासा सादर करावा, अन्यथा. मग त्यांनी पोचवही सरकवली. गावातल्या सगळ्या नोटिसा मीच पोचवते. म्हणून वहीत नेणारी म्हणून माझी सही आणि घेणारी म्हणूनही माझीच सही. मी दोन्हीकडे सही केली. मला हसू आलं. सचिव दचकले.

घरी येऊन मी नोटीस पुन्हा वाचली. लेखी खुलासा सादर करावा. तीस वर्षं बाबा आणि अकरा वर्षं मी या गावाच्या दारात उभे राहिलो. कोणी म्हटलं नव्हतं की तुला काय म्हणायचं आहे ते सांग. पहिल्यांदा विचारलं तेही अशा कागदावर. असू दे. विचारलं ना. आता ऐकावं लागेल.

मी रात्रभर लिहिलं नाही. दिवसाढवळ्या लिहिलं, दारात बसून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. आजोबांपासून सुरुवात केली. बाबांचे आठ वाजलेले लिहिले. पेढे लिहिले. ओसरी लिहिली. शेवटी लिहिलं, मयत सांगणे हे माझ्या नेमणुकीच्या आदेशात नाही, यापुढे मी ते करणार नाही, आणि माझ्यानंतर या जागेवर आमच्या वस्तीतलं जे कोणी येईल तेही करणार नाही. नोकरी गेली तरी नाही. खुलासा नऊ पानांचा झाला.

सोमवारी मासिक सभा आहे. मी तो टेबलावर ठेवून पाठ फिरवणार नाही. उभी राहून वाचणार आहे, पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत. मग पोचवही काढून प्रत्येक सदस्यासमोर धरणार आहे. पटलं म्हणून सही नको मला. ऐकलं म्हणून पाहिजे. भैयाजीचीही पाहिजे. सही होईपर्यंत मी सभेतून हलणार नाही.

आज पहाटेही दारासमोर ओल होती. सात दिवस झाले. आई म्हणते, आज ओल जास्त मोठी होती, दोन लोट्यांची. मला भीती वाटते. वाटत नाही असं म्हणणार नाही, खोटं बोलायचं आता सोडलं आहे. पण उद्या पहाटे त्या जागेवर मी खुर्ची टाकून बसणार आहे. लोटा घेऊन जो कोणी येईल त्याला मी हाकलणार नाही, शिवी देणार नाही. एवढंच विचारणार आहे. कोन गेलं? तोंडानं सांग. मी ऐकाले बसली हाये.